यादीच्या शेवटची न लिहिलेली ओळ

समजा, पालघर जिल्ह्याची तेवढीच पत्रं ढिगातून वेगळी काढायची आहेत. पत्ता वाचायचा नाही, फक्त पिनकोडचे आकडे बघायचे. यात काय अवघड, असं वाटतं. डहाणू ४०१६०१, जव्हार ४०१६०३, मोखाडा ४०१६०४, पालघर ४०१४०४. म्हणजे ४०१ ने सुरू होणारं पत्र दिसलं की उचला. पण मग मीरा रोड-भाईंदरची पत्रंही हातात येतात. तिथले पिन ४०११ ने सुरू होतात आणि ते शहर ठाणे जिल्ह्यात. दुसरीकडे आपलाच वाडा निसटतो, कारण वाड्याचा पिन ४२१३०३, कल्याण-भिवंडीच्या गटातला. तेव्हा ढोबळ नियमही चार ओळींत लिहावा लागतो. ४२१३०३ असेल तर घ्या. ४२१ ने सुरू होणारं बाकीचं सोडा. ४०११ ने सुरू होणारं सोडा. ४०१ ने सुरू होणारं घ्या. ओळी वरून खाली वाचायच्या आणि जी पहिली लागू पडेल तिथे थांबायचं. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली की वाडा गेला. पाचवी एक ओळ आहे, ती कुणी लिहीत नाही: वरच्या कशातच न बसणारं सगळं सोडा.

राउटरमधली ॲक्सेस लिस्ट नेमकी अशीच असते, न लिहिलेल्या पाचव्या ओळीसकट. मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांमध्ये नोकरी करताना माझी बरीच वर्षं अशा याद्या लिहिण्यात, वाचण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या निस्तरण्यात गेली. गाव जव्हार तालुक्यातलं जामसर. बाबा टपाल खात्यात, जव्हारच्या हाताखालच्या एका शाखेत. त्यामुळे नेटवर्कचं पुस्तक हाती येण्याच्या कितीतरी आधी आकड्यांवरून गावं गटात बांधायची रीत मी घरातच पाहिली होती.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपालघराचे. छाननी करणाऱ्याने पूर्ण पत्ता वाचायची गरज नाही. डावीकडून जितके आकडे त्याच्या कामाचे तितकेच बघायचे. बाबांना हे मनापासून पटलं होतं. पण ते एक गोष्ट नेहमी म्हणत: आकडा टपालाचा आहे, माणसांचा नाही. जव्हारहून नाशिक मुंबईपेक्षा जवळ. आमच्याकडचे लोक दवाखान्याला, बाजाराला, शिकायला मोखाडा-त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकला जायचे, आजही जातात. नाशिकचे पिन मात्र ४२२ ने सुरू होतात. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. पिनचा एकही आकडा हलला नाही. म्हणूनच वरचं कोडं जन्माला आलं.

रूट, म्हणजे जाळ्यांपर्यंतचे रस्ते, गाळण्याच्या विद्येचा सगळा इतिहास या फटीतला आहे. यंत्राला आकड्यांचे गट कळतात. माणसांना जिल्हा, कंपनी, करार, ओळखपाळख हे गट कळतात. दोन्ही जुळवायचं काम यादी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर.

इंटरनेट प्रोटोकॉलचा पायाभूत दस्तऐवज, आरएफसी ७९१, सप्टेंबर १९८१ चा. त्यात पत्ता ३२ बिटांचा आणि त्याचे ठरलेले वर्ग: ए म्हणजे अवाढव्य, बी मोठा, सी लहान. पत्त्याचा पहिला आकडा पाहिला की जाळं केवढं हे कळायचं. १९८४ साली अमेरिकेत सिस्को कंपनी निघाली, आणि तिच्या राउटरवर ज्या याद्या लिहायची सोय आली त्याच पुढे जगभरच्या इंजिनिअरांची बाराखडी झाल्या. १ ते ९९ क्रमांकाची यादी साधी, १०० ते १९९ विस्तारित. प्रत्येक ओळीत परमिट किंवा डिनाय, मग पत्ता, मग वाइल्डकार्ड मास्क. मास्कमध्ये जिथे बिट शून्य तिथे पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे, जिथे एक तिथे काहीही चालेल.

याद्या दोन कामांना लागत. एक, जाणारी-येणारी पाकिटं अडवायला. दुसरं काम कमी दिसणारं पण जास्त जोखमीचं: शेजारचा राउटर ‘माझ्याकडून अमक्या जाळ्यापर्यंत रस्ता आहे’ असं सांगतो, त्यातलं काय मानायचं आणि पुढे कुणाला काय सांगायचं, ते ठरवायला. पाकीट अडलं तर एकाचं काम अडतं. खोटा रस्ता मानला आणि पुढे सांगितला तर ज्यांचं आपण नावही ऐकलेलं नाही त्यांची पाकिटं आपल्या दारात येऊन मरतात.

एका ओळीत रूटांचा गट बांधणं ही तेव्हाची खरी कारागिरी. १९२.१६८.१६.० पासून १९२.१६८.३१.० पर्यंतची सोळा जाळी घ्यायची असतील तर सोळा ओळी लिहायच्या नाहीत. १६ आणि ३१ दोन्ही बिटांत मांडले की वरचे चार बिट सारखे, खालचे चार बदलते. म्हणून मास्क ०.०.१५.२५५ आणि ओळ एकच. फक्त सम आकड्यांची जाळी हवी असतील तर तिसऱ्या जागी २५४; शेवटचा बिट तेवढा पक्का, बाकी मोकळे. असली ओळ पहिल्यांदा लिहिणाऱ्याला स्वतःचंच कौतुक वाटतं. पण जाळी २० ते ३५ असली तर? हा गट बिटांच्या सीमेवर बसत नाही. त्याचे तीन तुकडे पडतात: २० ते २३, २४ ते ३१, ३२ ते ३५. आळस केला आणि एकाच रुंद मास्कमध्ये सगळं कोंबलं, तर शेजाऱ्याची जाळीही आपल्या यादीत येतात. मी वाचलेल्या याद्यांपैकी ज्या सगळ्यात सुबक दिसायच्या, त्यातच हा दोष हटकून सापडायचा.

त्या याद्यांचा स्वभावही कडक. क्रमांकाच्या यादीत नवी ओळ नेहमी तळाला बसे, मधे घुसवायची सोय नव्हती. एक ओळ काढायला गेलं तर अख्खी यादी पुसली जाई. म्हणून शहाणी माणसं यादी राउटरवर लिहीत नसत. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची, वरून खाली दोनदा वाचायची आणि मग एका झटक्यात चिकटवायची. चिकटवतानाही धोका असे. पुसलेली यादी लागूच असेल तर राउटर तोपर्यंत सगळं जाऊ देतो. पण नव्या यादीची पहिली ओळ पडताक्षणी तळाची न लिहिलेली ओळही जागी होते आणि उरलेलं सगळं बंद. त्या ‘उरलेल्या’त दूरवरून बसून काम करणाऱ्याचं स्वतःचं कनेक्शनही असे. यावर जुनी तोड होती: हात घालण्याआधी राउटरला सांगायचं, दहा मिनिटांनी स्वतःला पुन्हा सुरू कर. सगळं नीट झालं तर हुकूम मागे घ्यायचा. नाही झालं तर यंत्र आपोआप जुन्या कन्फिगवर परत येईल.

१९९० च्या सुमारास वर्गांची पद्धत मोडायला आली. बी वर्गाचे पत्ते संपत चालले होते आणि सी वर्गाची इतकी जाळी वाटली जात होती की राउटरच्या मेमरीत मावेनात. सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ आली आणि वर्ग गेले. आता पत्त्याबरोबर लांबी सांगायची: पहिले ८ बिट जाळ्याचे, की १६, की २२. पहिल्या आकड्यावरून जाळं केवढं हे कळायचं बंद झालं. या नव्या रीतीला साजेसा बीजीपी-४, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉलही मागोमाग आला. मूळ बीजीपीची जन्मकथा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ: जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनच्या बैठकीत सिस्कोचे कर्क लॉखीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर आराखडा काढला. त्या आराखड्याच्या मुळाशी एक गृहीतक होतं: समोरचा सांगतो ते खरं.

जुनी साधी यादी इथे तोकडी पडली. तिला पत्ता दिसे, लांबी दिसत नसे. १०.०.०.० चा गट घे म्हटलं तर ८ बिटांचा एकच मोठा रूटही जायचा आणि त्याच्या पोटातले २४ बिटांचे हजारो तुकडेही. मग लोकांनी विस्तारित यादी उलट्या कामाला जुंपली. तिच्यात एक जागा पाकीट कुठून आलं याची, दुसरी कुठे चाललं याची. बीजीपीच्या याद्यांत पहिल्या जागी रूटचा पत्ता आणि दुसऱ्या जागी त्याचा मास्क लिहायची रूढी पडली. चाले उत्तम, पण नव्या माणसाला ओळ वाचून काही अर्थबोध होत नसे. पुढे प्रीफिक्स लिस्ट आली तेव्हा हा त्रास संपला. पत्ता लिहा, लांबी लिहा, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती ते लिहा. प्रत्येक ओळीला क्रमांक, ५ नंतर १०, मग १५, म्हणजे मधे ७ घालता येतो. मी धंद्यात आले तेव्हा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. जुने लोक मास्क तोंडी सांगायचे, नवे बोटांवर मोजायचे.

आपल्याकडे इंटरनेटची सुरुवात शिक्षण आणि संशोधन संस्थांतून झाली. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेटमध्ये जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या मुंबईतल्या दोन संस्था होत्या. जोडलेल्या संस्था थोड्या, माणसं एकमेकांना ओळखणारी. समोरचा सांगेल ते खरं मानायला हरकत नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणानंतर खासगी कंपन्या उतरल्या आणि ओळखीचं वर्तुळ संपलं. एकाच शहरात एकमेकांचे स्पर्धक बसले, आणि त्यांना जोडणारं सामाईक ठिकाण नव्हतं. अंधेरीच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने दादरच्या दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला मेल पाठवली तर ती परदेशातून फिरून येऊ शके.

त्यावर उपाय म्हणून २००३ साली निक्सी, म्हणजे राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज स्थापन झालं. मुंबई, नोएडा, चेन्नई आणि कोलकाता इथे त्याची ठिकाणं उभी राहिली. निक्सीचा नियम मला तेव्हाही कुतूहलाचा वाटला होता: कंपनीने त्या त्या ठिकाणी निदान आपल्या त्या विभागाचे रूट जाहीर केलेच पाहिजेत. मुंबईत पश्चिम विभागाचे, चेन्नईत दक्षिणेचे. कागदावर हे वाक्य सरळ आहे. यादी लिहायला बसलं की बाबांचं म्हणणं आठवायचं. मी होते त्या कंपनीत पत्त्यांचे गठ्ठे जसे मिळाले तसे शहरांना वाटलेले. एकाच गठ्ठ्याचे चार तुकडे पुण्याला, दोन हैदराबादला, एक नागपूरला, आणि मधलाच एखादा कुठल्याशा बँकेच्या देशभरच्या शाखांना. ‘पश्चिम विभाग’ असा कुठलाही बिट पत्त्यात नव्हता. त्यात पैशाचा हिशेबही होता: निक्सीत ज्याने माहिती मागवली त्याने पैसे द्यायचे, त्यामुळे कुठला रूट कुठे जाहीर केला याला बिलात किंमत होती. यादी लिहिणारी मी, पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीवर विक्री, हिशेब आणि कायदा या तिन्ही खात्यांचं मत असायचं.

फटीतून काय काय निसटतं याची जगाला पहिली मोठी चव २५ एप्रिल १९९७ ला मिळाली. अमेरिकेतल्या एका छोट्या सेवादाराने, त्याच्या जाळ्याचा क्रमांक एएस (स्वायत्त जाळं) ७००७, इतरांची जाळी २४ बिटांचे तुकडे करून स्वतःची म्हणून जाहीर केली. बीजीपीत पाकीट अधिक नेमक्या रूटने जातं, त्यामुळे तुकडे जिंकले आणि इंटरनेटचा मोठा भाग त्या एका दाराशी जाऊन अडकला. २४ फेब्रुवारी २००८ ला हाच नियम पाकिस्तानात दिसला. सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं, तिथल्या दूरसंचार कंपनीने २०८.६५.१५३.० हा २४ बिटांचा रूट देशापुरता म्हणून घातला, आणि तो तिच्या वरच्या सेवादाराने न गाळता जगाला सांगितला. यूट्यूबचा स्वतःचा रूट २२ बिटांचा. दोन तासांहून थोडा अधिक वेळ जगभरातल्या लोकांना यूट्यूब दिसेना.

मग आपली पाळी. १२ मार्च २०१५ च्या दुपारी मुंबईच्या हाथवे कंपनीने गूगलकडून थेट मिळालेले तीनशेहून अधिक रूट आपल्या वरच्या सेवादाराला, एअरटेलला, सांगितले आणि तिथून ते जगात पसरले. काही मिनिटं दूरदूरच्या देशांतली गूगलची वाहतूक मुंबईच्या एका केबल कंपनीकडे वळली. शेजाऱ्याकडून शिकलेलं वरच्याला सांगायचं नसतं, हा नियम प्रत्येक इंजिनिअरला माहीत असतो. तो यादीत उतरला पाहिजे. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला एअरटेलकडून सुमारे १६ हजार परके रूट स्वतःचे म्हणून बाहेर गेले. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाकडून ३० हजारांहून अधिक. या प्रसंगांत चूक करणारा एक असला तरी मानणारे अनेक होते. गळती पसरते ती ऐकणाऱ्याच्या दारात यादी नसते म्हणून.

यादी असणं पुरेसं नाही, हेही याच इतिहासात आहे. २००० च्या आसपास लोक एक शहाणपणाची यादी लावत: जे पत्ते अजून कुणालाच वाटलेले नाहीत, त्यांचे रूट खोटेच असणार, तेव्हा अडवा. ऑगस्ट २००२ मध्ये ६९ ने सुरू होणारा गठ्ठा अमेरिकेच्या नोंदणी संस्थेला दिला गेला. तिथे पत्ते घेतलेल्या प्रामाणिक गिऱ्हाइकांना अनेक संकेतस्थळं उघडेनात, कारण जगभरच्या राउटरमध्ये जुन्या याद्या तशाच पडून होत्या. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला आणि ओळ का लिहिली हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून ती काढायचा धीर कुणालाच होत नाही.

आता मोठा बदल कुठे झाला असेल तर तो न लिहिलेल्या ओळीत. जुनी रीत विचित्रच होती: यादी लिहिली तर तिच्या तळाशी ‘बाकी सगळं बंद’, पण यादीच नसेल तर ‘सगळं चालू’. सावध माणसाला कडक नियम आणि बेफिकिराला मोकळं रान. जुलै २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ ने हे उलटं केलं: बाहेरच्या शेजाऱ्यासाठी काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा एकही रूट घेऊ नका आणि त्याला एकही देऊ नका. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी हे अजून अंगीकारलेलं नाही, तरी दिशा बदलली. जोडीला आरपीकेआय आली, म्हणजे पत्त्यांच्या मालकाने सहीनिशी जाहीर करायचं की माझा हा गठ्ठा अमुक एएसनेच सांगावा आणि इतक्या लांबीपर्यंतच. भारतात पत्त्यांची नोंद ठेवणारी इरिन ही निक्सीचीच शाखा, २०१२ पासूनची. आरपीकेआयच्या सहीतली ‘जास्तीत जास्त लांबी’ म्हणजे प्रीफिक्स लिस्टचीच ओळ, फक्त ती आता मालक लिहितो, शेजारी नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात आता घरोघर फायबर नेणारी पोरं आहेत. पावसाळ्यात घाटात केबल तुटली की रेनकोट घालून तीच शोधायला निघतात. त्यातली काही माझ्याकडे शिकायला येतात. स्वतःचा एएस क्रमांक घ्यायचा, दोन वरचे सेवादार जोडायचे, एक तुटला तर दुसरा चालू, हे त्यांचं स्वप्न. दोन सेवादार जोडले की हाथवेचा प्रश्न त्यांचाही होतो: एकाकडून ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं की जामसर-जव्हारचं छोटं जाळं दोन महाकाय कंपन्यांमधला रस्ता होऊन बसेल आणि पाच मिनिटांत गुदमरेल. म्हणून त्यांच्याकडून मी पहिली यादी बाहेर जाणाऱ्या रूटांची लिहून घेते: फक्त आपलं, बाकी काही नाही.

आणि प्रत्येक ओळीवर शेरा. राउटरमध्ये शेऱ्याची सोय आहे, ती वापरायला लोक कंटाळतात. ही ओळ कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून घातली आणि कधी पुन्हा बघायची, एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. प्रोटोकॉलचा इतिहास आरएफसींमध्ये सुरक्षित आहे, तारखांसकट. पण मुंबईत कोणत्या कंपनीने कोणाचे रूट मानले, कोणाचे अडवले, कोणत्या भांडणानंतर कोणती ओळ आली आणि कोणत्या समझोत्यानंतर गेली, हा इतिहास फक्त जुन्या कन्फिग फाइलींत होता. राउटर भंगारात गेले तेव्हा बहुतेक फाइलीही गेल्या. ज्यांच्याकडे अजून एखाद्या सीडीवर, जुन्या मेलमध्ये अशा याद्या पडल्या असतील, त्यांनी पासवर्ड पुसून त्या जपाव्यात. एखाद्या विद्यापीठाला पुढेमागे मुंबईच्या इंटरनेटचा इतिहास लिहायचा झाला तर दस्तऐवज म्हणून पुढे ठेवायला दुसरं फारसं काही उरलेलं नाही.